दुर्बिणीच्या पट्ट्याकडेही लक्ष हवे

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : पक्षीनिरीक्षणात आणि वनगस्तीत दुर्बीण अंगावर बाळगण्याच्या पद्धतीबाबत

महोदय,

पक्षी सप्ताह जवळ आला आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरला आणि डॉ. सालिम अली यांची जयंती १२ नोव्हेंबरला येते. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून शासकीय पातळीवर साजरा होतो आणि त्यानिमित्ताने शाळा, महाविद्यालये, निसर्ग मंडळे व वन विभाग यांच्या सहली पाणथळींवर, माळरानांवर आणि सह्याद्रीच्या घाटवाटांवर निघतात. आमच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले, आणि थंडी सुरू झाली की तेथे पक्ष्यांइतकीच माणसांचीही वर्दळ वाढते. मी निवृत्त शिक्षक असून शाळेच्या निसर्ग मंडळाबरोबर माझे तेथे जाणे आजही चालू आहे. अशा सहलींत कोणती दुर्बीण घ्यावी, किती शक्तीची घ्यावी, कोणत्या कंपनीची भिंगे स्वच्छ असतात, यावर तासन्‌तास बोलले जाते. घेतलेली दुर्बीण अंगावर कशी बाळगावी याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मानदुखी, फुटलेली भिंगे, शिडीवरून घसरलेले पाय आणि घरी कपाटात पडून राहिलेली महागडी दुर्बीण, या सगळ्याचे मूळ बऱ्याचदा त्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यात असते, असे माझे मत आहे आणि तेवढ्यासाठीच हे पत्र.

पक्षीनिरीक्षकांमध्ये सर्वाधिक चालते ती ८×४२ दुर्बीण. यातील ८ म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल तो आकडा आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. अशा दुर्बिणीचे वजन साधारणपणे ६०० ते ८०० ग्रॅम भरते आणि जुन्या धाटणीच्या ७×५० दुर्बिणी तर किलोच्या घरात जातात. पाऊण किलो म्हणजे मोठे ओझे नव्हे, भाजीच्या पिशवीत याहून जास्त वजन असते, हे खरे. पण पिशवी जड झाली की आपण हात बदलतो, मानेला मात्र दुसरी मान नसते. दुर्बिणीबरोबर खोक्यात जो पट्टा येतो तो सगळा भार मानेच्या मागच्या बाजूला, एका अरुंद रेषेवर टाकतो. त्यातच पायवाट पाहत, मान किंचित खाली घालून आपण चालतो, तेव्हा दुर्बीण छातीपासून सुटून पुढे झुलू लागते आणि प्रत्येक पावलागणिक मानेला एक छोटा हिसका बसतो. तासाभराच्या फेरफटक्यात हे जाणवत नाही. सकाळी सहाला निघून अकरापर्यंत हिंडणाऱ्याला, आणि त्याहून अधिक, रोज बीटवर गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला ते चांगलेच जाणवते. मानेच्या मणक्याचा त्रास असलेली मंडळी तर पहिल्या दोन-तीन सहलींनंतर दुर्बीण घरीच ठेवू लागतात आणि इतरांकडे मागून पाहतात.

ज्यांना त्रास होतो ते यावर एक सोपी युक्ती काढतात, ती म्हणजे दुर्बीण पाठीवरच्या पिशवीत टाकणे. मग भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून तरंगत येतो, पिशवीची चेन उघडेपर्यंत बांधापलीकडे उतरतो आणि दुर्बीण हाती येते तेव्हा पाहायला फक्त गवत उरते. दुर्बीण अशा ठिकाणी हवी की नजर न हटवता, एका हालचालीत ती डोळ्यांपर्यंत यावी आणि तितक्याच सहज परत जागेवर जावी. ती जागा म्हणजे छातीचा वरचा भाग. भार पेलायला खांदे आणि पाठ, आणि दुर्बीण छातीशी टेकलेली, एवढे साधले की वजन तेच असूनही ते जाणवेनासे होते.

या बाबतीत ज्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे ते लोक आपल्याकडे सहसा आदर्श म्हणून सांगितले जात नाहीत. माझा एक भाचा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात स्थायिक आहे आणि तेथील रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. शिकारीविषयी मला स्वतःला काडीचे प्रेम नाही, आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने तिला मज्जाव केला हे उत्तमच झाले, आणि या विषयावर आमचे मामा-भाच्याचे फोनवर खटकेही उडतात. पण तेथे १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही, हे त्याच्याकडून कळले तेव्हा मी त्याला बारकाईने विचारू लागलो. तेथील शिकारी दिवसाचा बराच वेळ बंदूक न उचलता एखाद्या उंचवट्यावर बसून समोरच्या उतारांवर दुर्बिणीने शोध घेत असतो. समोर हललेली वस्तू जनावर आहे की माणूस, हे बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कधीही पाहायचे नाही, कारण पाहण्यासाठी ती रोखली की नळीही त्याच दिशेला रोखली जाते. ओळख पटवायची ती गळ्यातल्या स्वतंत्र दुर्बिणीनेच, हा शिकार-सुरक्षेतील मूलभूत नियम. म्हणजे दुर्बीण हाताशी नसेल तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. शिवाय दोन्ही हात बंदुकीला लागतात, वाट चढउताराची असते आणि झुलणारी दुर्बीण बंदुकीच्या दस्त्यावर आपटली तर त्या आवाजाने जनावर निघून जाते. या गरजांतूनच तेथे छातीवर बसणारे पट्टे आणि झाकणाच्या पिशव्या सर्रास वापरात आल्या आहेत. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी घालण्याचा कोलोरॅडोत नियम आहे, त्यामुळे छातीवरच्या काळपट पिशवीने तो रंग झाकला जाणार नाही इतकाही विचार तेथे करावा लागतो.

आपल्या हातात बंदूक नाही, कॅमेरा, नोंदवही किंवा काठी आहे. पण हात मोकळे असण्याची गरज तीच आहे.

छातीवरच्या पट्ट्याला बाजारात हार्नेस म्हणतात. त्याची रचना अगदी साधी असते. दोन इलॅस्टिकचे पट्टे दोन्ही खांद्यांवरून पाठीवर जातात, तेथे चामड्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या एका गोल चकतीत एकमेकांना छेदतात आणि बगलेखालून पुढे येऊन दुर्बिणीच्या दोन कड्यांना अडकतात. मानेवर काहीच येत नाही. दुर्बीण डोळ्यांकडे नेताना इलॅस्टिक ताणले जाते आणि हात खाली आणला की तेच तिला छातीशी ओढून धरते. बहुतेक जण हार्नेस विकत घेतात, डोक्यातून घालतात आणि तसाच वापरतात. तो अंगाला बसवून घेत नाहीत, आणि मग ‘यापेक्षा गळ्यातला पट्टा बरा’ म्हणून काढून ठेवतात. बसवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पाठीवरची चकती मानेच्या बुंध्याशी न राहता दोन खवाट्यांच्या मध्ये यायला हवी, नाहीतर पट्टे पुन्हा मानेच्या कडेला चढतात. दुर्बीण छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या अर्ध्या भागावर टेकली पाहिजे. पोटावर आली तर वाकताना गुडघ्यात आणि मांडीत अडकते. तिसरे म्हणजे, दोन्ही हात वर करून दुर्बीण डोळ्यांना लावून पाहावी, आणि इलॅस्टिकची ओढ दुर्बीण थरथरवण्याइतकी असेल तर पट्टे सैल करावेत. थंडीत जाकिटावरून बसवलेला हार्नेस मार्चमध्ये नुसत्या सदऱ्यावर ढिला पडतो, तेव्हा मापे पुन्हा घ्यावी लागतात. महिलांना बाजारातल्या काही हार्नेसचे पट्टे छातीवर काचतात, हे आमच्या मंडळातील शिक्षिकांनी आणि ओळखीच्या महिला वनरक्षकांनी सांगितले आहे. त्यांना चकती थोडी खाली आणि दुर्बीण थोडी वर घेतल्याने आराम पडतो. कामावरच्या महिलांची संख्या पाहता खरेदी करणाऱ्यांनी एकाच मापाचे गठ्ठे मागवण्याआधी त्यांना घालून पाहायला सांगावे, हे बरे.

हार्नेससाठी वेगळा खर्च करणे प्रत्येकाला जमेलच असे नाही, आणि ते आवश्यकही नाही. खोक्यात आलेलाच पट्टा पूर्ण लांब करून एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखाली, पोस्टमनच्या झोळीसारखा तिरका घातला तरी निम्मे काम होते. दुर्बीण कमरेच्या वर, बरगडीशी राहते. झाडीतून जाताना कोपराने दाबून धरता येते आणि मान पूर्ण मोकळी होते. डोळ्यांना लावण्यापुरती लांबी पट्ट्यात आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे. दुसरा मार्ग आपल्या गावातल्या बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे जातो. अडीच सेंटिमीटर रुंदीची इलॅस्टिक पट्टी, दप्तराला असतात तशी चार बक्कले आणि पाठीसाठी रेक्झिनचा एक तुकडा दिला की तो अर्ध्या तासात हार्नेस शिवून देतो. शिवण मात्र दुहेरी, चौकट मारून मध्ये फुली घातलेली मागावी. एकेरी टाक्याची शिवण घाम आणि ओढ यांनी कधी उसवते ते कळतही नाही.

दुर्बीण आत ठेवून छातीवर बांधायच्या झाकणाच्या पिशवीबद्दल माझे मत मिश्र आहे. धूळ, पाऊस, काट्यांचे ओरखडे आणि चरचरणारे वाळूचे कण यांपासून ती दुर्बिणीला उत्तम जपते. माळरानावर आणि उघड्या जिप्सीतून हिंडणाऱ्यांना तिच्याइतकी दुसरी सोय नाही. परंतु आपल्या हवेत ती छातीवर घोंगडी बांधल्यासारखी तापते आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, भिजलेली दुर्बीण तशीच आत बंद करून ठेवली तर भिंगांवर बुरशी धरते. म्हणून घरी आल्यावर दुर्बीण आणि पिशवी दोन्ही उघडी वाळवणे आलेच. आणखी एक बाब लोकांच्या लक्षात येत नाही. अनेक पिशव्यांची झाकणे लोहचुंबकाने मिटतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी असे चुंबक त्या जागेपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो, आणि छातीवरच्या पिशवीत ते अंतर राखणेच अवघड. त्यांनी चेनची किंवा बक्कलची पिशवी घ्यावी. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत ठरावीक रेषेवरून चालत दिसलेल्या तृणभक्षी प्राण्यांची नोंद करतात, तेव्हा प्राणी कोणत्या दिशेला होता ते होकायंत्राने आणि किती अंतरावर होता ते रेंजफाइंडरने मोजले जाते. होकायंत्र वाचताना आपण ते छातीसमोरच धरतो. तेथे चुंबकाचे झाकण असेल तर सुई भलतीकडे वळते आणि मेहनतीने घेतलेली नोंद चुकीची ठरते. या कामासाठी पिशव्या घेणाऱ्यांनी झाकण कशाने मिटते ते पाहूनच घ्यावे.

आता सुरक्षिततेकडे येतो, आणि येथे सर्वांत जास्त काळजी निरीक्षण मनोरे आणि मचाणे यांची वाटते. नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी मनोऱ्यांवर चढूनच पाण्याचा पसारा नीट दिसतो आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबासह अनेक जंगलांत पाणवठ्यांवरच्या मचाणांवर निसर्गानुभवासाठी लोक बसतात. शिडी चढताना गळ्यातली दुर्बीण शरीर आणि पायरी यांच्या मध्ये येते. ती पायरीला अडकते, माणूस एका हाताने ती सोडवायला जातो आणि नेमक्या त्या क्षणी त्याचा तोल फक्त दुसऱ्या हातावर असतो. पट्टा एखाद्या खिळ्यात किंवा बांबूच्या टोकात अडकला आणि पाय घसरला तर गळ्याला फास बसू शकतो, हे सांगताना मला अतिशयोक्ती वाटत नाही. अमेरिकेत झाडावरच्या मचाणावर चढताना शिकाऱ्याने हातात किंवा गळ्यात काहीही घ्यायचे नाही, सुरक्षापट्टा जमिनीवरच घालून आणि चढतानाही तो झाडाला जोडलेला ठेवून आधी स्वतः चढायचे आणि मग रिकामी बंदूक व इतर सामान दोरीने वर ओढून घ्यायचे, असा दंडक आहे. त्यातला सामान दोरीने ओढून घेण्याचा भाग आपण जसाच्या तसा घ्यावा. मनोऱ्याच्या कठड्याला एक दोरी आणि तिच्या टोकाला एक कापडी पिशवी बांधून ठेवायला खर्च तो कितीसा! उतरतानाही आधी सामान उतरवावे, मग माणसाने उतरावे. दोरी नसेल तेथे दुर्बीण निदान पाठीवरच्या पिशवीत बंद करून चढावे.

झाडीतली गोष्ट थोडी वेगळी. करवंदाच्या जाळ्या, घाणेरी, बोराटी आणि बाभूळ यांच्यातून वाट काढताना लोंबता पट्टा काट्यात गुंततो आणि माणूस पुढे गेल्यावर दुर्बीण मागे ओढली जाऊन सुटते ती नेमकी तोंडावर किंवा छातीवर आपटते. हार्नेसने हे बरेच टळते. ज्यांच्या गळ्यात लांब नळीचा कॅमेराही असतो त्यांनी दोन पट्टे मानेत एकावर एक घालू नयेत. दुर्बीण छातीशी हार्नेसमध्ये आणि कॅमेरा एका खांद्यावरून कुशीत, अशी विभागणी ठेवली की दोन्ही एकमेकांवर आदळत नाहीत आणि पट्ट्यांचा पीळही पडत नाही.

वाहनांबाबत तर फारच हलगर्जीपणा दिसतो. सहलीच्या ठिकाणी पोचण्याच्या घाईत दुचाकीवर गळ्यात दुर्बीण घालून जाणारी मुले मी पाहतो. अपघात झाला तर ती टणक वस्तू बरगड्या आणि हँडल यांच्या मध्ये सापडते. दुचाकीवर दुर्बीण छातीवर नको आणि गळ्यात तर नकोच. टॉवेलात किंवा स्वेटरमध्ये गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत ठेवावी. मोटारीत सीटबेल्टच्या आत, म्हणजे एअरबॅग आणि छाती यांच्या मध्ये ती असणेही तितकेच वाईट. डॅशबोर्डवर ठेवली तर जोराचा ब्रेक लागताच ती भिरकावली जाते आणि उन्हाने तापून आतल्या चिकटवलेल्या भागांवर परिणाम होतो तो वेगळाच. भिगवणसारख्या ठिकाणी होडीतून रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी लाइफ जॅकेट आधी घालावे, ते नीट आवळावे आणि दुर्बिणीचा पट्टा त्याच्यावरून घ्यावा. पट्टा जॅकेटखाली अडकला तर पाण्यात पडल्यावर तो काढता येत नाही. होडीत बसणाऱ्यांसाठी चिमटीने सुटणाऱ्या बक्कलचा पट्टा सर्वांत चांगला.

मुलांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण शाळांच्या सहलीत चार-पाच मुलांमागे एक दुर्बीण असते. येथे हार्नेस कामाचा नाही, हे मी आपणहून सांगतो. एकाच्या अंगावर बसवलेला हार्नेस दुसऱ्याला देताना पाच मिनिटे जातात आणि तोपर्यंत चक्रवाकांची जोडी उडून जाते. त्यांच्यासाठी रुंद, मऊ पट्टाच बरा, पण देण्या-घेण्याची शिस्त हवी. घेणाऱ्याने आधी पट्टा गळ्यात घालावा, मग देणाऱ्याने हात सोडावा. पट्ट्याशिवाय हातोहात फिरणारी दुर्बीण कधी ना कधी खाली पडतेच, आणि पडल्यावर बाहेरून काही तुटलेले दिसले नाही तरी आतील लोलक किंचित सरकतात. मग दोन नळ्यांतून दिसणारी चित्रे जुळत नाहीत, मूल म्हणते ‘सर, दोन-दोन बगळे दिसतात’, आणि आपण ते फोकसचा दोष समजून चाक फिरवत बसतो. अशा दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले की डोके दुखते. शिवाय मुलांच्या उंचीला मोठ्यांचा पट्टा लांब पडतो म्हणून त्याला गाठ मारण्याची जी पद्धत आहे तीही सोडावी, कारण ती गाठ नेमकी मानेच्या हाडावर टोचते. बक्कलमधूनच लांबी कमी करावी. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ८×४२ देण्यापेक्षा ८×२५ च्या आसपासची, तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेरची दुर्बीण द्यावी. त्यांना तीच पेलते.

सूर्याकडे दुर्बिणीतून कधीही पाहू नये, हा नियम पट्ट्याशी संबंधित नसला तरी दुर्बीण मुलाच्या गळ्यात घालतानाच सांगायचा आहे. भिंगांतून गोळा झालेला प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर एका बिंदूत उतरतो आणि क्षणभरात कायमची इजा होऊ शकते. त्या वेळी वेदना होत नाहीत म्हणून मूल डोळा काढूनही घेत नाही. घार किंवा गरुड घिरट्या घालत वर चढू लागला की मुले त्याच्यामागे दुर्बीण फिरवत जातात आणि पक्षी सूर्याच्या रेषेत जातो तशी दुर्बीणही जाते. म्हणून शिक्षकाने मुलांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे आणि दुपारच्या वेळी डोक्यावरचे शिकारी पक्षी नुसत्या डोळ्यांनी पाहायला सांगावेत.

पट्टा दुर्बिणीला अडकवला जातो तो भाग कोणी पाहतच नाही. दुर्बिणीच्या दोन्ही कुशींना धातूच्या किंवा रबराने मढवलेल्या कड्या असतात, त्यांतून पट्ट्याची निमुळती टोके जातात आणि प्लॅस्टिकच्या बक्कलमधून परत येतात. टोक बक्कलमधून एकदाच ओवले असेल तर घाम आणि हालचाल यांनी ते कणाकणाने सरकत राहते. ते परत फिरवून पट्टा आणि बक्कल यांच्या मध्ये आतल्या बाजूने खोचले पाहिजे, म्हणजे ओढ बसेल तसे ते अधिकच आवळले जाते. दोन-तीन सेंटिमीटर टोक शिल्लक ठेवावे. ‘लोंबते म्हणून’ कात्रीने कापू नये. सहलीच्या आदल्या रात्री दुर्बीण पलंगावर धरून पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावा. सरकायचा असेल तर तो तेथेच सरकतो आणि दुर्बीण गादीवर पडते. डोळ्यांकडच्या भिंगांवरचे रबरी झाकण पट्ट्यात एकाच बाजूने ओवावे. दोन्ही बाजूंनी ओवले तर ते भिंगांवर अडून बसते आणि घाईच्या वेळी काढता येत नाही. ते मुळीच नसेल तर गळ्यातल्या दुर्बिणीची भिंगे वरच्या दिशेला उघडी राहतात आणि सकाळच्या नाश्त्याला वाकून पोहे खाताना शेव, खोबरे आणि लिंबाचे थेंब नेमके त्यांत जातात. हसू येईल, पण भिंगांवरचे लेपन खराब होण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

यातील बरेचसे ज्याचे त्याने करण्यासारखे आहे. काही गोष्टी मात्र संस्था आणि शासन यांनीच करायच्या आहेत. वन विभाग क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी दुर्बिणी घेतो तेव्हा निविदेत शक्ती, व्यास आणि जलरोधकता यांच्याबरोबर हार्नेसची एक ओळ घालावी आणि तो चुंबकविरहित असावा, हेही नमूद करावे. वनरक्षकाच्या खांद्यावर पाण्याची बाटली, काठी, मोबाइल आणि नोंदींची कागदपत्रे असतातच. त्यात गळ्यातली दुर्बीण त्याला नकोशी वाटली आणि ती चौकीतल्या कपाटात राहिली तर तिच्या खरेदीचा उपयोग काय? पर्यटकांना दुर्बिणी भाड्याने देणाऱ्या स्थानिक गाइडांनी जुने, कडक झालेले आणि घामाने पांढरे पडलेले पट्टे बदलावेत, आणि त्यांच्या प्रशिक्षणात पट्टा बसवून देण्याचा अर्धा तास असावा. निरीक्षण मनोऱ्यांवर सामान ओढून घेण्याची दोरी आणि शिडीच्या पायथ्याशी ‘गळ्यातील वस्तू काढून चढावे’ असा मराठी फलक, एवढी सोय या हंगामाआधीच होऊ शकते. पक्षी सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिकांत दीपप्रज्वलन आणि मान्यवरांचे सत्कार यांना जो वेळ दिला जातो त्यातली दहा मिनिटे आयोजकांनी काढावीत, आणि बसमधून उतरल्यावर, पाण्याकडे निघण्यापूर्वी, प्रत्येकाच्या पट्ट्याची लांबी आणि बक्कल तपासून द्यावी. आमच्या मंडळाची पुढची फेरी पक्षी सप्ताहातच आहे. ज्या शाळांना पट्टे बसवून घ्यायचे असतील त्यांनी त्या सकाळी आपल्या दुर्बिणी घेऊन यावे. निफाडच्या बॅग दुरुस्त करणाऱ्या आमच्या मित्राने सुई-दोरा आणि इलॅस्टिकचे रीळ घेऊन येण्याचे कबूल केले आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
निफाड, जि. नाशिक